इटलीची पनवती

कुवेतमधल्या महबूल्यातली मराठी मंडळी काशिनाथ पोवारला पनवती म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि रागाने नव्हे, चांगलं मायेने. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नवं जोडपं आलं की जयदीप ओळख करून द्यायचा, "हे आमचे काशिनाथराव, इटलीची पनवती." नवं जोडपं एकमेकांकडे बघायचं, काशिनाथ हात जोडून हसायचा, आणि मग सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली जायची. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती, की तिच्यात खोटं कुठे मिसळलंय हे सांगणाऱ्यालाही कळेनासं झालं होतं.

माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. शुवैखमधल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत हिशेबाचं काम. भल्या सकाळी गाडी काढायची, संध्याकाळी परत. बायको उल्का, एकुलती मुलगी क्षितिजा. ती बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली आणि घरात दोघंच उरली. कुणाला विमानतळावर सोडायचं असो, कुणाच्या नव्या घरात कपाट चढवायचं असो, काशिनाथ न बोलावता हजर. असा गरजेचा माणूस, पण एका बाबतीत सगळ्यांनी मिळून त्याला वाळीत टाकलं होतं. इटलीची मॅच सुरू झाली की त्याने खोलीत थांबायचं नाही.

इटली त्याने धरली ती कोल्हापुरात. तिथे फुटबॉल ही काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पेठेपेठेतल्या तालमींचे संघ, त्यांच्या मॅचला तुडुंब भरणारं स्टेडियम, एका गोलवरून दोन-दोन वर्षं न बोलणारे मावसभाऊ. वर्ल्डकप आला की गल्ली दोन देशांत वाटली जायची, निम्मी ब्राझील, निम्मी अर्जेंटिना. तिसरा देश धरणं म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणं. काशिनाथने नव्वद साली दहावीच्या सुट्टीत तिसरा देश धरला. इटलीचा स्किलाची गोल मारल्यावर डोळे एवढे मोठे करून धावायचा, की गोल आपणच मारलाय यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसलेला नाही. काशिनाथला तो चेहरा आवडला. आपल्यालाही आयुष्यात एकदा असं काहीतरी व्हावं, एवढंच त्याला वाटलं.

त्या वर्षी इटलीच्या गोलकीपरने पाच मॅच गोल खाल्ला नव्हता, वर्ल्डकपमधला विक्रम होता तो. सेमीफायनलला अर्जेंटिनाने ती मालिका तोडली आणि पुढे पेनल्टीवर इटलीला घरी बसवलं, म्हणजे घरीच होते ते, वर्ल्डकप त्यांच्याच देशात होता. गल्लीत माळा लागल्या. चौऱ्याण्णवला फायनलपर्यंत गेले आणि बाज्जिओने शेवटची पेनल्टी दांडीवरून आभाळात मारली. अठ्ठ्याण्णवला पुन्हा पेनल्टी, पुन्हा दांडी. सलग तीन वर्ल्डकप एकाच तऱ्हेने हातचे गेले आणि तिन्ही वेळा काशिनाथ टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. दोन हजारच्या युरो फायनलला इटली शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे होती आणि तरी हरली. दोन हजार दोनला कोरियाने काढलं. मधे कितीतरी मॅच जिंकल्या, त्याही काशिनाथने बघितल्याच होत्या. त्याच युरोत सेमीफायनलला इटली चक्क पेनल्टीवर जिंकली, तीही त्याने बघितली होती. पण असलं कोण ध्यानात ठेवतं?

दोन हजार चारला तो कुवेतला आला. दोन वर्षांनी उल्काला आणि लहानग्या क्षितिजाला आणायला गेला आणि तिघं मिळून परत निघाली, तो दिवस नेमका वर्ल्डकप फायनलचा होता. मॅच चालू असताना काशिनाथ अरबी समुद्रावर विमानात होता, मुलगी मांडीवर झोपलेली. उतरल्यावर न्यायला आलेल्या जयदीपने लांबूनच हात वर केले. इटली जिंकली होती, तीही पेनल्टीवर!

जयदीप कोल्हापूरचाच, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, गळा मोठा आणि मन त्याहून मोठं, पण जिभेला हाड नाही. गाडीत सामान टाकता टाकता तो म्हणाला, "लेका, तू विमानात होतास म्हणून जिंकली बघ इटली. टीव्हीसमोर बसला असतास तर ह्या खेपेलाबी बोंबललं असतं. पनवती हाईस तू, पनवती!"

सगळे हसले. उल्काही हसली. तिला कुवेतमधलं पहिलं हसू हेच आठवत असे.

शब्द चिकटला तो चिकटलाच. पुढच्या वर्ल्डकपला इटली विजेती म्हणून गेली आणि गटात तळाला राहिली. काशिनाथने बघितलं होतं. त्याच्या पुढच्यालाही गटातच संपली. मग मंडळींनी त्याला मॅचच्या वेळी कामाला पाठवायला सुरुवात केली. जयदीपच्या हॉलमध्ये पंधरा माणसं जमलेली, आणि काशिनाथ बिर्याणी आणायला फहाहीलला. बिर्याणी आणून तो दारातून आत द्यायचा, आतून कुणीतरी ओरडायचं, "डोळे मीट रे!" आणि तो खरोखर डोळे मिटायचा. थट्टाच होती. पण थट्टेत एकाच माणसाने रोज डोळे मिटायचे आणि बाकीच्यांनी बिर्याणी खायची, असं वर्षानुवर्षं चाललं तर त्याला थट्टा म्हणायचं का, हे एकदा जयदीपला कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही.

सतराच्या नोव्हेंबरात इटली स्वीडनपुढे अडली आणि साठ वर्षांत पहिल्यांदा वर्ल्डकपला मुकली. ती मॅच त्याने मोबाइलवर चोरून बघितली होती. बुफॉन, इटलीकडून सगळ्यात जास्त मॅच खेळलेला गोलकीपर, रडत रडत मैदानाबाहेर गेला. काशिनाथ स्वयंपाकघरात येऊन उल्काला म्हणाला, "त्या माणसाला मी रडवलं."

"काहीतरीच काय!" उल्का म्हणाली. तिने मागे वळून त्याचा चेहरा बघितला असता तर तिला कळलं असतं, की हा चेष्टा करत नाही. तिच्या हातात पोळी होती, तव्यावर दुसरी होती.

पुढच्या सप्टेंबरात इटली पोर्तुगालकडून हरली आणि दोन-तीन दिवसांनी गणपती बसले. आरतीनंतर जयदीपने काशिनाथच्या हातात नारळ दिला आणि सगळ्यांदेखत वदवून घेतलं, "बोल, आजपासून इटलीची मॅच बघणार नाही." हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काशिनाथने मात्र नारळ कपाळाला लावला, आणि शपथ पाळली.

आणि इटली हरायचीच थांबली.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, करोना आला, स्टेडियमं रिकामी झाली, तरी इटली हरेना. इटलीचा ऐंशी वर्षांचा जुना विक्रम मोडला, मग ब्राझील आणि स्पेनचा जगातला विक्रम गाठला, तोही मागे टाकला. सदतीस मॅच सलग अपराजित. तोवर कुठल्याही देशाच्या पुरुषांच्या संघाला हे जमलं नव्हतं. वर्तमानपत्रं प्रशिक्षकाचं कौतुक करत होती. महबूल्यात श्रेय काशिनाथला होतं. लोक त्याला हार घालत, त्याच्या पाया पडायचं नाटक करत, आणि तो लाजून म्हणायचा, "मी काय केलं? मी फक्त बघितलं नाही."

ती तीन वर्षं उल्काच्या संसारातली सगळ्यात चांगली. मॅच असली की काशिनाथ मोबाइल घरी ठेवायचा आणि दोघं समुद्रावर फिरायला जायची. उल्का बोलायला मोकळीढाकळी, कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी "मी येतो, मी जातो" म्हणणारी. मंडळातल्या पुण्याच्या बायका तिला हसत. तिकडे युरोची फायनल चालू होती तेव्हाही ही दोघं जुलैच्या चिकट उकाड्यात वाळूवर बसून मक्याचं कणीस खात होती. परतली तर जयदीपने खालच्या दारातच काशिनाथला उचलून धरलं, "गड्या, कप आणलास!" काशिनाथ रडला. पुढे त्याने त्या मॅचचं रेकॉर्डिंगसुद्धा बघितलं नाही. आपण बघितलं तर झालेला निकाल बदलेल, अशी काहीतरी भीती त्याला वाटत होती.

ऑक्टोबरात इटली-स्पेन होती. नेहमीप्रमाणे दोघं फिरायला निघाली. एका इजिप्शियन माणसाच्या कॉफीच्या दुकानापाशी उल्का एकदम थांबली, पोटावर हात धरून बाहेरच्या खुर्चीत बसली. "कळ आली ओ. पाणी आणा जरा." काशिनाथ धावत आत गेला. आत भिंतीवर हा एवढा टीव्ही, आणि मान फिरवायच्या आत त्याला दिसलं: निळा संघ, पांढरा संघ, आणि पांढऱ्याचा दुसरा गोल. पाण्याची बाटली घेऊन तो बाहेर आला तेव्हा उल्का वाकून कण्हत होती.

इटली हरली. सदतीसच्या पुढे आकडा गेला नाही. आणि उल्काच्या पोटात गाठ निघाली.

आता ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे तुम्हाला-आम्हाला कळतं. काशिनाथलाही कळायला हवं होतं. शिकलेला माणूस, दिवसभर हिशेब जुळवणारा. पण तो टीव्ही आणि ती कळ एकाच क्षणी आली होती. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला आणि तो पांढरट डाग दाखवला, तेव्हाही त्याच्या मनात एकच आलं, की मी बघितलं. मी बघायला नको होतं.

डिसेंबरात जाब्रियाच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. अभ्यास सोडून यायला नको म्हणून क्षितिजाला फोनवर लहानसं ऑपरेशन एवढंच सांगितलं होतं. उल्काला वाटलं होतं नवरा बाजूला असेल, आत नेताना हात धरेल. जयदीपची बायको चारुता आदल्या रात्रीपासून सोबतीला होती. सकाळी काशिनाथने बॅग वरपर्यंत आणून दिली, उल्काच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "गाडी नीट लावून येतो" म्हणून खाली गेला, तो आलाच नाही. इस्पितळामागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत गाडीत बसून राहिला. दुपारी चारुता त्याला शोधत खाली आली. "अहो, कुठे होतात? सगळं नीट झालं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण काढली गाठ!" काशिनाथने कपाळ स्टीअरिंगला टेकवलं आणि कितीतरी वेळ वर उचललं नाही.

दोन दिवसांनी उल्काने विचारलं, "कुठं होतासा?"

"खालीच होतो."

"का पण?"

तो चादर नीट करू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला उलगडलं. "आता माझीबी मॅच लावलीय व्हय तुम्ही?" म्हणत ती टाके धरून हसली. हसायला नको होतं तिने. त्या हसण्याला तो परवानगी समजला.

फेब्रुवारीत तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं. पुन्हा तेच इस्पितळ, चौथा मजला. डॉक्टर आता तुटक बोलत होते, बघू म्हणत होते. काशिनाथ रोज कामावरून थेट तिथे यायचा, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून यायचा, पण वर पाऊल टाकायचा नाही. घरून करून आणलेली पेज, मऊ भात स्वागतकक्षात असमा नावाच्या हैदराबादी नर्सच्या हाती द्यायचा आणि गाडीत जाऊन बसायचा. डॉक्टरांशी बोलायचं ते फोनवर.

असमा एकदा चिडलीच. "भाईसाब, आप ऊपर क्यूं नै आते? मॅडम दिनभर खिडकी में से आपकी गाडीच देखते रहते."

"मैं नीचे ठीक हूं, सिस्टर," तो म्हणाला. काय सांगणार होता तिला?

एका संध्याकाळी उल्काने फोनवरून त्याला चांगलंच धारेवर धरलं. तिला एक जुनी गोष्ट आठवली होती. लग्न होऊन महिना झाला नव्हता आणि तिचे सासरे गेले. चुलत सासू सगळ्यांदेखत म्हणाली, पोरगी पांढऱ्या पायाची आहे. उल्का माजघरात भिंतीला लागून उभी होती, पाय जमिनीत जातील तर बरं असं वाटत. तेव्हा तेराव्याच्या पंगतीत काशिनाथ ताटावरून उठला आणि म्हणाला, बाबांचं हृदय दहा वर्षं खराब होतं, तिच्या पायांचा काय संबंध? पुन्हा हा शब्द निघाला तर आम्ही दोघं ह्या घरातून जाऊ. पुन्हा कुणी काढला नाही.

"त्या दिवशी तुम्ही मला वाचवलं," उल्का म्हणाली. "आता तुम्हाला कुणी वाचवायचं? असलं काही नसतं, हे तुम्हीच सांगितलं होतं न्हवं?"

"तुझं वेगळं होतं, उल्का. तुझ्यावर नुसता आळ होता." काशिनाथचा आवाज अगदी शांत होता, आणि ते जास्त वाईट. "माझं सिद्ध झालंय. सदतीस मॅच झाल्या, ऑपरेशन झालं. मी जिथे नव्हतो तिथे सगळं नीट झालं. मी तुला बघायला येणार नाही. तू काय वाटेल ते बोल."

ती बोलायची थांबली. वाद घालायला अंगात ताकद लागते आणि तिची रोज कमी होत होती. आणि आजारी माणसाला काहीतरी धरायला लागतं. देवाचं नाव घेऊन झालं, औषधं घेऊन झाली, मग हळूहळू तिनेही तेच धरलं, नवऱ्याची ती खुळी समजूत. सकाळी फोन करून विचारायची, "खालीच आहासा न्हवं?"

"खालीच आहे."

"मग बरं."

असमाला तिने आपल्या तोडक्या हिंदीत समजावून सांगितलं, की साहेब खाली आहेत म्हणजे अजून आशा आहे. आशा संपली, डॉक्टरांनी हात टेकले, की मग साहेब वर येतील. मग त्यांना काही राखायचं उरणार नाही. असमाने कपाळावर हात मारून घेतला. पण उल्का मात्र त्यावर रात्री झोपू लागली. नवरा बाजूला हवा म्हणून झुरणारी बाई, नवरा आला नाही की निश्चिंत होऊ लागली. प्रेमाचं इतकं वाटोळं होऊ शकतं, हे ज्याने बघितलं नाही त्याला पटायचं नाही.

मार्चच्या अखेरीला इटलीची मॅच होती, वर्ल्डकपला जायचं की नाही ते ठरवणारी. समोर उत्तर मॅसिडोनिया. मॅच इटलीतच, पालेर्मोला. काशिनाथला तारीख माहीत होती. न बघणाऱ्याला तारखा जास्त पाठ असतात. त्याने अंधार पडायच्या आतच मोबाइल बंद केला, पेज शिजवून ठेवली आणि अंथरुणावर पडला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. सकाळी वाळूत गाडी लावून त्याने मोबाइल चालू केला, आणि लगेच जयदीपचा फोन आला.

"काश्या, इटली गेली रे."

"काय?"

"हरली. एक-शून्य. नव्वद मिनिटं धडका मारत होते, आणि शेवटाला त्या मॅसिडोनियानं लांबून एक हाणला. संपलं. सलग दुसरा वर्ल्डकप गेला. युरोप जिंकलेली टीम, लेका, घरात हरली!" जयदीप दम घ्यायला थांबला. मग त्याने आवाज खाली आणला. "खरं सांग. बघितलास?"

"नाही."

"चुकून कुठं? दुकानात, कुणाच्या मोबाइलवर?"

"फोन बंद होता. झोपलो होतो मी."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

"मग हरली कशी रे ही?" जयदीप म्हणाला.

काशिनाथने फोन खाली ठेवला. समोर इस्पितळाची मागची भिंत होती, एसीच्या डब्यांखालून पाण्याचे ओघळ आलेले. तो हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इटली आपली आपण हरली होती! त्याने काही केलं नव्हतं. बाज्जिओने मारली ती बाज्जिओने मारली होती, बुफॉन रडला तो आपल्या कारणाने रडला होता, आणि गाठ झाली ती झाली होती. बत्तीस वर्षं मानेवर बसलेलं काहीतरी उतरून चालतं झालं. आणि त्याच हसण्यात त्याला जाणवलं, की ही बाई दोन महिने वर एकटी पडली आहे. तिच्या अंगाला सुया टोचल्या, पोटातलं पाणी काढलं, आणि आपण खाली गाडीत बसलो होतो. कशासाठी? तो दार उघडून पळत सुटला. गाडीला कुलूप लावायचं राहिलं.

लिफ्टमध्ये त्याने केसांवरून हात फिरवला. आधी माफी मागायची. मग सगळं सांगायचं, मग खुर्ची ओढून बसायचं, आणि घरी जा म्हटलं तरी जायचं नाही. चौथ्या मजल्यावर त्याने दोन चुकीच्या खोल्या उघडल्या, कारण तिची खोली कुठली हे त्याला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दारात असमाची पाठ दिसली. ती उल्काला चमच्याने काहीतरी भरवत होती. उल्का उशीला टेकून बसलेली, किती बारीक झालेली, केस विरळ. तिने मान वर केली आणि तिला काशिनाथ दिसला. तो हसत होता, धाप लागलेला, हात पुढे केलेले.

तोंडाशी आलेला चमचा उल्काने हाताने थांबवला.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिने विचारलं.

"कोण डॉक्टर? काही नाही. मी भेटलोच नाही त्यांना."

"मग वर कसं काय आलासा?"

"इटली हरली, उल्का!" तो पलंगापाशी आला, गुडघ्यांवर बसला. "काल रात्री हरली. मी बघितली नव्हती, तरी हरली. मोबाइल बंद होता. जयदीपला विचार. अगं, माझ्यात तसलं काही नाही, कधीच नव्हतं! मी उगाच... मी किती मूर्ख, मी आधीच यायला हवं होतं..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. लहान मूल काहीतरी लपवतंय आणि ते आपल्याला दिसतंय, अशी ती नजर होती.

"शुक्रवारी डॉक्टर नसतात," ती म्हणाली. "काल बोलले व्हय तुमच्याशी?"

"नाही, उल्का! सिस्टर, बोलो ना इनको, डॉक्टरने मुझे कुछ नहीं बोला!"

असमा कधी त्याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत होती. "नै मॅडम, कुछ नै बोले डॉक्टर," ती चाचरत म्हणाली. चाचरली नसती तरी काही फरक पडला नसता.

"असू दे," उल्का म्हणाली. "तुम्हाला खोटं बोलायला कधी जमलंच नाही."

जे घडलं होतं ते काशिनाथचं सांगून झालं होतं. उल्काने त्याचा हात हातात घेतला. डिसेंबरापासून तिला हवा होता तो हात, आणि तिने तो घट्ट धरला, दुसऱ्या हाताने पेजेची वाटी बाजूला सारली.

"क्षितिजाला बोलवून घ्या," ती म्हणाली.